आधी लागतं, मग करपतं

मराठीत दूध एकदम जळत नाही. ते आधी लागतं. भात बुडाला लागतो, पिठलं लागतं, खीर लागते. मग ते करपतं. तरीही कुणी तिकडे फिरकलं नाही, तर जळून त्याचा कोळसा होतो. लागणं, करपणं आणि जळणं ही आपल्या स्वयंपाकघरातली तीन वेगळी क्रियापदं आहेत. रसायनशास्त्रातही या पायऱ्या जवळजवळ याच क्रमाने येतात: पदार्थ धातूला चिकटतो, मग तपकिरी होतो, मग त्याचा कार्बन होतो. भांडं घासायला बसण्याआधी समोर यातलं नेमकं काय आहे हे ओळखलं, तर निम्मं काम झालं. बहुतेक जण ते ओळखायच्या भानगडीत पडत नाहीत. मीही पडलो नव्हतो.

राजूरला मामीच्या घरी घडलेली गोष्ट आहे. राजूर म्हणजे अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं, पेढ्यांसाठी नावाजलेलं गाव. पावसाळ्याचे दिवस होते. म्हशीचं चार लिटर दूध गॅसवर ठेवून, “जरा लक्ष ठेव रे,” असं सांगून मामी गोठ्यात गेली, आणि मी पाऊस बघायला ओसरीवर गेलो. करपट वास नाकाशी आला तेव्हा उशीर झाला होता. दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं, तर पातेल्याच्या बुडाशी तळहाताएवढा काळा-तपकिरी चकंदळा. मामी यायच्या आत तो नाहीसा करावा म्हणून मी तारेची घासणी घेतली आणि जीव खाऊन घासायला लागलो. पाच मिनिटांत काळं तसंच राहिलं, आणि भोवतालच्या स्वच्छ स्टीलवर मात्र ओरखड्यांचं जाळं उमटलं.

मामी आली, बघितलं आणि म्हणाली, “आरं, त्याचा जीव काढशील का? ऱ्हाऊ दे. आधी भिजू दे.”

मग तिने जे केलं ते सांगतो, कारण पुढचा सगळा लेख त्याचंच स्पष्टीकरण आहे. अंघोळीचं पाणी तापवायची चूल मागच्या पडवीत होती. तिच्यातली ओंजळभर राख चाळून तिने पातेल्यात टाकली, काळं बुडेल एवढं पाणी घातलं, दहा मिनिटं उकळलं आणि झाकून रात्रभर ठेवून दिलं. सकाळी लाकडी उलथन्याने हलकेच ढोसल्यावर खपल्या सुटल्या. राखेचं पाणी टाकून पातेलं विसळलं. खाली एक पांढुरका, खरखरीत थर उरला होता. त्यावर तिने भिजवलेली चिंच चोळली, थोडा वेळ थांबली, आणि भाताच्या पेंढ्याच्या बोळ्याने पुसून काढलं. जोर असा कुठे लावलाच नाही.

आधी राख, मग चिंच. या क्रमात सगळं गुपित आहे.

पातेल्यात पाणी आहे तोवर आतलं अन्न १०० अंश सेल्सिअसच्या फारसं पुढे जात नाही. (कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर तर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं.) पातळ आमटी स्वतःच वरखाली फिरत असते, बुडाशी तापलेली वर येते, वरची गार खाली जाते. पिठलं, खीर, आटत आलेलं दूध यांना असं फिरता येत नाही. बुडाचा थर तिथेच अडकतो, त्यातलं पाणी उडून जातं, आणि पाणी गेलं की तापमानाला कुणी रोखणारं उरत नाही. १४० अंशांच्या आसपास प्रथिनं आणि साखरा एकमेकांशी झपाट्याने जुळून तपकिरी, खमंग पदार्थ बनू लागतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ही क्रिया १९१२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. भाकरीवरचे डाग, खव्याचा बदामी रंग, पिठल्याची खरपुडी ही सगळी या मायारच्या क्रियेची कृपा. ती तिथेच थांबली तर खरपूस. पुढे गेली तर करपट. आणखी पुढे गेली की अन्नातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातो आणि उरतो तो कार्बन, म्हणजे कोळसा.

लागणं आणि करपणं यांच्यामधल्या अरुंद पट्टीत जे मिळतं त्याला आपण खरवड म्हणतो. दुधाच्या कढईची खरवड कुणी खायची यावरून आम्हा भाचरांची भांडणं व्हायची. तेव्हा बुडाला लागलेलं सगळंच वाईट, असं मी तरी म्हणणार नाही.

दूध मात्र बुडाला लागण्यात बाकीच्या पदार्थांहून वेगळं आहे, आणि गुरांच्या, डेअरीच्या अकोले तालुक्यात त्यावर थोडं रेंगाळायला हरकत नाही. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण पाचवा हिस्सा निवळीतल्या प्रथिनांचा असतो. ती ७० अंशांच्या पुढे उलगडायला लागतात आणि उलगडली की मिळेल त्याला चिकटतात. सगळ्यात जवळ असतो तो तापलेला धातू. त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट घडते. मीठ किंवा साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट उलट वागतं: दूध जसं तापेल तसं ते विरघळलेलं राहायला नाखूश होतं आणि थराच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणजे दुधाचा लागलेला थर हा नुसता सायीचा नसतो. त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात आणि साधारण तिसरा हिस्सा खनिज. विटा आणि चुना यांनी भिंत बांधावी तसा तो रचलेला असतो, आणि म्हणूनच एका औषधाने तो जात नाही.

प्रथिनं आणि स्निग्धांश यांना अल्कली लागते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. राख पाण्यात कालवली की ते पाण्यात उतरतं आणि पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं. ते तुपाच्या अंशाचा तिथल्या तिथे साबण करतं आणि प्रथिनांची वीण सैल करतं. पण कॅल्शियमचं खनिज अल्कलीला दाद देत नाही. त्याला आम्ल हवं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. मामीच्या पातेल्यात सकाळी उरलेला पांढुरका थर तो हाच.

कोणत्याही डेअरीत दूध तापवण्याची यंत्रं धुतात ती याच पद्धतीने. आधी साधं पाणी, मग कॉस्टिक सोड्याचं गरम द्रावण, मग पाणी, मग नायट्रिकसारखं आम्ल, पुन्हा पाणी. यंत्र न उघडता नळ्यांतूनच ही द्रावणं फिरवतात. साखर कारखान्यांतही रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत कवच साचतं आणि ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने उकळून सोडवतात. पडवीतल्या चुलीपाशी मामीने केलं ते आणि कारखान्यात घडतं ते, यांत फरक तीव्रतेचा आहे, तत्त्वाचा नाही. मात्र तो तीव्रतेचा फरक घरात जपायला हवा: कॉस्टिक सोडा किंवा मोरी मोकळी करायची पावडर स्वयंपाकाच्या भांड्याला कधीही लावू नये. कातडी आणि डोळे जळतात.

आता घरोघरी चूल नाही, राख नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर डोंगरातल्या वाड्यांपर्यंतही गॅस पोहोचला, आणि फुकटची राख पुष्कळ घरांतून गेली. तिच्या जागी खाण्याचा सोडा चालतो, पण उकळून. थंड पाण्यात तो अगदी सौम्य असतो. उकळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यात उरतो तो धुण्याचा सोडा, जो कितीतरी जास्त कडक. म्हणून करपलेल्या भागावर सोडा भुरभुरवून घासण्यापेक्षा काळं बुडेल एवढं पाणी, त्यात लिटरमागे मोठा चमचाभर सोडा, आणि पंधरा मिनिटं उकळी, असं करावं. नंतर गार होईपर्यंत हात लावू नये. डब्यात पापडखार पडला असेल तर तोही याच कुळातला.

इथे एक राग व्यक्त करून घेतो. सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फसफसलं की झालं, असं सांगणारे व्हिडिओ शेकड्याने फिरतात. बघायला मजा येते. पण अल्कली आणि आम्ल एकत्र आले की ते एकमेकांना मारतात. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं निरुपद्रवी पाणी, आणि फेस होऊन उडून जातो तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुड्यांनी एखादी सुटलेली खपली निघेलही, पण दोन्ही औषधं वाया जातात. एक आधी, मग धुऊन, मग दुसरं. कोल्ड्रिंक ओतून भांडी चमकवण्याचंही तेच: त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंज आणि खनिजाचा थर उतरवतं, काळ्या कोळशाला ते काहीही करत नाही.

भाताची गोष्ट सोपी. तालुक्याच्या पश्चिमेकडे, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, पाऊस अफाट आणि पीक भाताचं. तिथल्या घरांत भात बुडाला लागणं ही रोजची बाब. लागलेला भात म्हणजे मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. त्याला ना राख हवी ना चिंच. त्याला पाणी हवं आणि वेळ हवा. सुकलेलं पिष्ट पाणी शोषून फुगतं, मऊ होतं, आणि बोटाने निघतं. कोमट पाण्यात तीन-चार तास ठेवलं तर घासणीचीही गरज पडत नाही. काकवी, गूळ, चिक्कीचा पाक यांचंही तसंच; साखर कितीही घट्ट बसली असली तरी काळी होईपर्यंत ती पाण्यात विरघळते. पातेल्यात पाणी उकळत ठेवावं आणि दुसऱ्या कामाला लागावं. चिक्कीचं पातेलं सुरीने खरवडणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

तेलाचं मात्र अवघड आहे. कढईच्या काठाला, तव्याच्या पाठीला जो पिवळट-तपकिरी चिकट राप बसतो, ते खरं तर तेल उरलेलंच नसतं. वारंवार तापून आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं वार्निश होतं. जवसाचं तेल लाकडाला लावल्यावर सुकून जसं कडक होतं तशीच ही क्रिया. साध्या साबणाला ते दाद देत नाही. गरम सोड्याचं पाणी आणि धीर, एवढंच. गंमत म्हणजे हाच राप लोखंडी तव्यावर आपल्याला हवा असतो. मुरलेल्या तव्यावर भाकरी सुटून येते ती या काळ्या, गुळगुळीत थरामुळे. म्हणून लोखंडी तव्याला सोडा नको, चिंच तर नकोच, आणि रात्रभर पाण्यात ठेवणं म्हणजे सकाळी गंज. त्यावर काही करपलं तर तवा कोरडाच तापवावा, करपलेलं ठिसूळ होऊ द्यावं, उलथन्याने खरवडावं, जाड मिठाने पुसावं आणि तेलाचं बोट फिरवून ठेवावं.

तेव्हा काय करपलं यासोबत कशात करपलं हेही बघायला लागतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही चूक सगळ्यात जास्त होते. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गर्दी लोटते. तेव्हा जेवणावळीची मोठी ॲल्युमिनियमची पातेली आणि हिंडालियमच्या कढया बाहेर निघतात, आणि घाईघाईत करपतातही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अदृश्य पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. कडक अल्कली हा थर विरघळवते आणि मग धातूलाच खायला लागते. भांडं काळं पडतं, त्याला खड्डे पडतात. म्हणून ॲल्युमिनियममध्ये सोडा उकळू नये, राख घालून रात्रभर तर मुळीच ठेवू नये. साधं पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून उकळावं, मग लाकडाने सोडवावं. कुकर आतून काळा पडला असेल तर लिंबाच्या साली किंवा चिंचेचं पाणी उकळलं की तो पुन्हा पांढरा होतो.

पितळेच्या पातेल्याला कल्हई असते, आणि कल्हई म्हणजे कथिल, जे २३२ अंशांनाच वितळतं. पातेलं कोरडं तापलं की डाळीसोबत कल्हईही जाते. अशा भांड्यात वाळू किंवा तार फिरवली तर उरलेलीही जाईल, आणि मग त्यात ताक-आमटी कळकेल. नॉनस्टिकबद्दल लिहिण्यासारखं फार नाही: भिजवा, मऊ कापडाने पुसा, थर उडाला असेल तर भांडं बदला. त्यावरचा पीटीएफईचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, त्यामुळे ते रिकामं तापवू नये. मातीच्या खापराला साबण लावू नका, ते साबण पितं. गरम पाणी, राख आणि ऊन पुरे.

राहिलं स्टील. ते अल्कली आणि चिंच दोन्ही सोसतं, म्हणूनच मामीचा उपाय त्यावर चालला. पण पदार्थ लागण्याच्या बाबतीत स्टीलइतकं वाईट भांडं नाही, आणि यात स्टीलचा दोष आहे तो उष्णता पसरवण्याचा. तांबं स्टीलच्या जवळजवळ २५ पट उष्णता वाहून नेतं, ॲल्युमिनियम १५ पट, पितळ ७ पट, लोखंड ५ पट. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्याखाली गॅस लावला की ज्योतीच्या वर्तुळाएवढाच भाग रसरसतो आणि शेजारी दोन बोटांवर तो बराच थंड असतो. माझा तळहाताएवढा चकंदळा हा बर्नरच्या ज्योतीचा जणू ठसाच होता. म्हणून आता जाड बुडाच्या भांड्यांत स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम घालतात.

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी हाच प्रश्न बाहेरून सोडवला होता. भांडं चुलीवर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप द्यायचा. त्याने आच सावकाश आणि सारखी लागते, आणि काजळी बसते ती लेपावर, भांड्यावर नाही. धुताना लेपासकट काजळी निघून जाते. घासायचे कष्ट भांडं चढवण्याआधीच वाचवण्याची ही युक्ती मला कुठल्याही पावडरीपेक्षा हुशारीची वाटते.

घासणीबद्दल थोडं. घासणं म्हणजे कठीण वस्तूने मऊ वस्तू खरवडणं. वाळूतली गारगोटी स्टीलपेक्षा कठीण असते, म्हणून वाळूने घासलेलं भांडं निस्तेज होतं. राखेतही सिलिका असते, पण सगळ्या राखा सारख्या नव्हेत. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका ८० टक्क्यांहून जास्त; ती चांगलीच खरखरीत. लाकडाची राख मऊ. भाताच्या पेंढ्यातही थोडी सिलिका असते, त्यामुळे त्याचा बोळा निव्वळ गवत नसून सौम्य घासणीच असतो. घोसाळ्याची वाळलेली जाळीही उत्तम. तारेच्या घासणीचे मात्र दोन तोटे आहेत. तिचे तुकडे तुटून अन्नात येऊ शकतात हा एक. दुसरा लगेच दिसत नाही: तिने पाडलेल्या ओरखड्यांच्या खाचांत दुधाची प्रथिनं पुढच्या वेळी आणखी घट्ट रुतून बसतात. म्हणजे आज जोर लावून घासलेलं भांडं उद्या लवकर लागतं.

लागूच नये म्हणून काय करावं, याचं उत्तर आपल्या जुन्या कोड्यात आहे: घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? फिरवलं नाही म्हणून. खवा आटवणारे ते शब्दशः पाळतात. म्हशीच्या एक लिटर दुधाचा खवा जेमतेम दोनशे ग्रॅमच्या आसपास उतरतो. बाकीचं पाणी उडेपर्यंत हात थांबवायची सोय नाही, कारण शेवटी शेवटी दूध इतकं दाट होतं की त्याला स्वतःहून फिरताच येत नाही. त्यासाठी भांडंही मुद्दाम कढईच निवडलेलं असतं. तिच्या गोल बुडाला कोपरा नसतो, त्यामुळे उलथनं पोहोचत नाही अशी जागाच नसते. पातेल्याला कडेने कोपरा असतो, आणि हलवलेलं दूधही लागतं ते नेमकं तिथे. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने ओलं करून घ्यायची घरोघरची सवयही उगाच नाही. धातूच्या बारीक खाचांत आधी पाणी शिरतं आणि दुधाला थेट चिकटायला थोडा उशीर होतो. थोडाच. आच मंद ठेवायला पर्याय नाही.

आणि तरीही लागलंच, तर वास आल्याबरोबर ढवळू नका. बुडाचा करपट वास सगळ्यात पसरतो तो ढवळल्यामुळे. वरचं अन्न न हलवता दुसऱ्या भांड्यात काढा. पातेल्यात लगेच गरम पाणी घाला. ते सुकू दिलं तर काम दुप्पट होतं. मग काय करपलं, कशात करपलं ते बघा, आणि मामीचं ऐका: आधी भिजू द्या.

ते पातेलं अजून राजूरच्या घरी आहे. काळं सगळं निघालं, पण माझ्या तारेच्या घासणीचे ओरखडे तसेच आहेत, आणि दूध पहिल्यांदा लागतं ते आजही तिथेच.